उजवा विकला तो पावसाळा

बैलगाड्याची एक बारी, म्हणजे एक धाव, संपायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात माणसाची जांभईसुद्धा नीट पुरी होत नाही. त्या बारीवरची चर्चा मात्र आम्हाला पावसाळाभर पुरते. यात्रा उरकतात, घाटावर गवत उगवतं, गाड्याची चाकं काढून पत्र्याखाली उभी केली जातात आणि मग आमच्या गावातला खरा हंगाम सुरू होतो. तो बसून खेळायचा असतो.

घाट म्हणजे शर्यतीसाठी राखलेला चढ. खालून चार बैलांचा गाडा सुटतो. गाड्यात माणूस नसतो. पुढे स्वारासह एक घोडी पळते आणि वर निशाणापाशी घड्याळ थांबतं. ज्याचे सेकंद कमी तो पहिला. आमचं गाव शिनोलीच्या अलीकडचं. आमचा गाडा एका मालकाचा नाही. चार घरांचे चार बैल एकत्र येतात तेव्हा गावाचा गाडा होतो, आणि त्या वर्षी तो सगळ्या यात्रांमध्ये दुसरा किंवा तिसरा आला होता. कायम शेवटचा येणारा गाडा परवडतो, कारण त्याच्याकडून कुणी काही मागत नाही. दुसऱ्या नंबरानं माणसं बिघडतात.

चर्चा चालायची ती शेटजींच्या दुकानासमोरच्या फळीवर. शेटजी मूळचे मारवाडचे, म्हणजे त्यांचे पणजोबा. ते स्वतः आमच्याइतकेच इथले, आणि मराठी आमच्यापेक्षा बरं बोलणारे. दुकानात सरकी पेंड, दोरखंड, पत्रे, खिळे. जैन माणूस, मुंगी दिसली तर वाट बदलणारा, पण बैलगाड्याचं वेड असं की शर्यतींवर बंदी होती ती वर्षं त्यांनी घरातलं कुणीतरी आजारी असल्यासारखी काढली. बंदी उठली, बैलाला मारायचं नाही असा नियम आला, तेव्हा ते म्हणाले, "कोर्टानं शेवटी आमचा धर्म मानला."

माझा थोरला चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, त्या फळीच्या टोकाला बसायचा. पुढच्या जोडीतला उजवा बैल त्याचा. जोडीतला बैल कोणत्या तरी एकाच अंगाला पळतो. वासराला एकदा ज्या बाजूला जुंपलं ती बाजू त्याची जन्माची. दादाचा बैल उजव्या अंगाचा, म्हणून गावात त्याला सगळे उजवाच म्हणत. दादानं तो दाव्यावर वाढवलेला. त्याच्याबरोबर दादाचा मुलगाही वाढला, आणि मग मुलगा चाकणला कंपनीत लागला, तिथंच त्यानं खोली घेतली, लग्न केलं, बिऱ्हाड थाटलं. दिवाळीला ड्यूटी असायची. गणपतीला ड्यूटी असायची. त्याची आई गेली तेव्हा आला आणि तेरावा उरकून गेला. चैत्रातल्या आमच्या यात्रेला मात्र तो न चुकता यायचा, कारण त्या दिवशी उजवा पळायचा. आदल्या दिवशी यायचा, गोठ्यातच झोपायचा, बाप-लेक मिळून बैलाला अंघोळ घालायचे. त्या एका रात्रीच्या आधारावर दादा उरलेलं वर्ष ढकलायचा. तो हे कधी बोलला नाही. पण गावात न बोललेलं काही लपत नाही.

आषाढात मंडळाचे अध्यक्ष फळीवर येऊन बसले. अध्यक्ष म्हणजे बैलगाडा मंडळाचे. त्यांची आणखीही तीन अध्यक्षपदं आहेत, पण त्यांतल्या एकाच्याही कामाला वेग लागत नाही, म्हणून त्यांचा जीव या मंडळात. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्या पेनांनी लिहिलेलं मी काही पाहिलेलं नाही.

"बदल करावा लागनार," अध्यक्ष म्हणाले. "पुढची जोडी फोडायची. खेडकडं एक बैल बघून आलोय. काय बैल हाय राव! व्हिडिओ बघा."

मोबाइल हातोहात फिरला. व्हिडिओत बैल कमी आणि गाणं जास्त होतं. बैल खरोखर देखणा होता, एवढं मान्य करावं लागेल. रुंद छाती, मागे वळलेली शिंगं, कपाळावर गुलाल.

"आन काढायचा कोन?" एसटीतून निवृत्त झालेल्या आमच्या कंडक्टरनं विचारलं. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ते माणसाकडे तिकीट राहिलंय अशा नजरेनंच बघतात.

"उजवा."

कंडक्टरनं व्हिडिओ पुन्हा लावून बघितला. मग म्हणाले, "अध्यक्ष, ह्यो व्हिडिओतला बैल कुठल्या अंगानं पळतोय? डाव्या. आपल्याकडं डावा हाय की! मंग दोन डावे करनार काय? एका गाडीला दोन डायवर बसवायचे आन घंटी मारायला कोनीच न्हाई?"

"शिकवू की. सगळा पावसाळा पडलाय."

"माझा जन्म गेला तागडी धरण्यात," शेटजी आतून म्हणाले. "पण माझ्या डाव्या हाताला अजून सही येत नाही. तुम्ही बैलाला पावसाळ्यात शिकवा."

सगळे हसले. अध्यक्षही हसले. पद हसू देतं तेवढंच हसले.

इथं खरं तर चर्चा संपायला हवी होती. डावा काढून नवा बैल आणला असता तर सगळं जागच्या जागी बसलं असतं, हे कळायला बैलगाडाही कळायची गरज नव्हती. पण डावा अध्यक्षांच्या मेहुण्याचा होता. मी आयुष्यात राज्यकारभारावर जी जाडजूड पुस्तकं वाचली, त्यांचं सार या एका वाक्यात येतं.

त्यानंतर आठवडेच्या आठवडे हाच विषय. वय काढलं गेलं, दात मोजले गेले. उजवा शेवटच्या टप्प्यात दम टाकतो, असं एकजण म्हणाला. तो दम टाकत नाही, डावाच मागं राहतो आणि उजवा त्याला ओढतो, असं दुसरा म्हणाला. मागच्या जोडीचं काय, घोडीचं काय, घोडीवर बसणाऱ्याचं वजन वाढलंय त्याचं काय. प्रत्येकाकडे आपापला गाडा तयार होता, कागदावर लिहिला तर तालुक्यात पहिला येईल असा. आणि प्रत्येकाला, अगदी प्रत्येकाला, ठाऊक होतं की दोन डावे एका जोडीत पळणार नाहीत. हे अज्ञान असतं तर मला आशा वाटली असती. अज्ञानावर उपाय असतो.

दादा नाही म्हणू शकला असता. बैल त्याचा होता. पण त्यानं नाही म्हटलं की मेहुण्यानं डावा काढून घेतला असता, आणि जोडीदाराशिवाय उजवा काय एकटा पळणार? म्हणजे विकला तरी उजवा आमच्या घाटात नाही आणि ठेवला तरी नाही. हे अध्यक्षांनी त्याला फार मायेनं समजावून सांगितलं.

"दादा, गावासाठी करायचं. आन नवा बैल तुमच्याच गोठ्यात ऱ्हाईल. तुमीच त्याला शिकवायचं. पोरगं तर पळत येईल आसला बैल बघाया."

शेवटचं वाक्य दादाला लागलं. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. त्यानं मान वर केली आणि विचारलं, "येईल म्हनता?"

"लई नामांकित बैल हाय. न येऊन सांगतो कुनाला!"

श्रावणात उजवा गेला. येडगावकडच्या एका गाड्यानं त्याला घेतलं. त्यांचा उजवा बैल त्याच वर्षी लंगडा झाला होता. घ्यायला आलेल्या पाहुण्यांनी बैलाला फिरवून बघितलं नाही, दात बघितले नाहीत. "कुठल्या अंगाचा?" एवढंच विचारलं, उत्तर ऐकलं आणि दावं हातात घेतलं. ती माणसं शर्यत जिंकायला आली आहेत हे तेव्हाच कळत होतं. दादानं उंबऱ्यापर्यंत बैलाला पोचवलं आणि आत जाऊन गव्हाण झाडायला लागला. झाडलेली गव्हाण पुन्हा झाडली.

रात्री त्यानं मुलाला फोन केला. फोन त्याला स्पीकरवर ठेवूनच बोलता येतो.

"उजवा दिला रे."

पलीकडून मशीनचा आवाज येत होता.

"का?"

"नवा घेतलाय मंडळानं. लई देखना हाय. यात्रंला ये, बघशील."

"बघतो."

'बघतो' म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगावं लागत नाही. दादानं मात्र तो शब्द होकार म्हणून ठेवून घेतला.

नवा बैल आला. तो यायच्या आधी त्याचा फ्लेक्स आला होता. त्यावर बैलाहून मोठे अध्यक्ष, अध्यक्षांहून मोठा त्यांचा गॉगल, खाली शुभेच्छुकांची रांग. मजकूर तपासायला माझ्याकडे आणला होता, वाचणारा माणूस म्हणून. मी शुद्धलेखन सुधारून दिलं. त्या वर्षात आमच्या गाड्यात बरोबर असलेली ती एकमेव गोष्ट.

भात काढल्यावर खाचरं मोकळी झाली, तसा दादा रोज सकाळी नव्या बैलाला डाव्याशेजारी उजव्या अंगाला जुंपायचा. बैल दोन पावलं सरळ जायचा आणि मग डावीकडं रेलायचा, त्याच्या जन्माच्या जागेकडं. तिथं दुसरा बैल आधीच होता. दोघं एकमेकांना खांदे मारायचे. दादा बोलायचा त्याच्याशी, चुचकारायचा, गूळ द्यायचा. मी बांधावरून बघायचो. त्या बैलाचा काही दोष नव्हता. त्याला बिचाऱ्याला वाटत असेल, ही माणसं अजून थोडा वेळ गेला की शहाणी होतील.

"दादा, हे जमायचं नाही," मी एकदा म्हणालो.

"पोरगं येईस्तोवर जमंल," तो म्हणाला.

यात्रा आली. सकाळपासून निवेदकानं ध्वनिक्षेपकाचा ताबा घेतला होता. आमच्या गाड्याचं नाव निघालं तेव्हा तो अध्यक्षांवर जेवढा वेळ बोलला तेवढ्यात चार गाडे पळून गेले असते. फेटे बांधले, नारळ दिला, अध्यक्षांनी हात उंचावून लोकांना शांत केलं. लोक शांतच होते. दादा खाली बैलांना धरायला उभा होता, पण त्याचं तोंड घाटाकडं नव्हतं, रस्त्याकडं होतं. चाकणहून येणारी गाडी मंचरला डावीकडं वळून घोडेगावमार्गे येते. त्या रस्त्यावर आदल्या संध्याकाळपासून त्याचं लक्ष होतं. गोठ्यात त्यानं दोन घोंगड्या अंथरल्या होत्या. एकच चुरगळली होती.

"झाली!" निवेदक ओरडला आणि त्याचं ते लांबलचक 'भिर्रर्र' घाटावर पसरलं.

गाडा सुटला. मधल्या खुणेपर्यंत घोडीमागे सरळ गेला, आणि तेवढ्यात आम्ही सगळे, सगळं ठाऊक असलेले आम्ही सगळे, उठून उभे राहिलो. वाटलं, जमतंय. मग नवा बैल डावीकडं रेलला, डाव्यानं खांदा दिला, चारी बैल गाड्यासकट धाव सोडून कडेच्या गवतात शिरले आणि थांबले. कुणाला इजा झाली नाही. घोडी एकटीच वर पोचली आणि आपल्यामागं कुणी का नाही हे बघायला वळली.

"काय तो रुबाब! काय ती ऐट!" निवेदक म्हणत होता. त्याला कागदावर तेवढंच दिलेलं होतं.

"घंटी मारा कुनीतरी," माझ्याशेजारी कंडक्टर पुटपुटले. ते आपल्या विनोदावरही हसले नाहीत.

मुलगा आला नाही. फोनही लागला नाही.

पुढच्याच रविवारी संध्याकाळी आम्ही पुन्हा फळीवर होतो. दादाच्या मोबाइलवर व्हिडिओ आला, मुलाकडून. दादाला तो उघडता येईना म्हणून शेटजींनी उघडून दिला. येडगावकडचा घाट होता. खालून गाडा सुटला, पुढच्या जोडीत उजव्या अंगाला आमचा उजवा, मान खाली, सरळ, दोरी ताणल्यासारखा. गाडा निशाणावरून गेला तसा गलका झाला. पहिला नंबर. आणि त्या गलक्यात, मोबाइल धरणाऱ्याच्या अगदी तोंडाशी, एक ओळखीचा आवाज ओरडत होता, "पळ माझ्या राजा, पळ!" त्यानंतर हसणं, आणि बहुधा नाकानं ओढलेलं रडूही.

म्हणजे तो चाकणहून निघाला होता. महामार्गानं आला होता. मंचरला वळला नव्हता, सरळ पुढे येडगावकडं गेला होता.

अध्यक्षांनी मान डोलावली. "बघा, मी म्हनत नव्हतो? उजव्यात दम व्हता. आपल्याला आता खरा बदल करायचा तर डावा..." ते थांबले, मेहुण्याची आठवण झाली असावी. "मागची जोडी बदलली पायजे. निमगावकडं एक बैल..."

"कुठल्या अंगाचा?" कंडक्टरनं विचारलं.

"ते बघू. पावसाळा यायचाय की अजून."

आणि चर्चा सुरू झाली. मीही बोललो दोन वाक्यं, खोटं का सांगू. न बोलून करायचं काय?

दादा फळीच्या टोकाला होता. "दादा, बैल चांगला पळाला," शेटजी हळूच म्हणाले आणि त्याच्यापुढं चहा सरकवला. दादानं मान हलवली. तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावत होता, पण पडद्याकडं बघत नव्हता. मोबाइल कानाशी धरून बसला होता. गाडा सुटायचा, गलका व्हायचा, तो आवाज यायचा, आणि तो संपला की दादा अंगठ्यानं चाचपत पुन्हा सुरुवातीला जायचा. चहावर साय धरली. आम्ही मागच्या जोडीवर आलो होतो.