फळीवरचा तेरावा कप

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आणि बायकोला मी काय सांगत नाही? भाजीवाल्यानं कोथिंबिरीची एक काडी जास्तीची दिली, तरी मी तिला दहा मिनिटं रंगवून सांगतो. पण हे — नाही. हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. माझ्या तोंडातून काही बाहेर न पडणं हीच मुळात बातमी आहे. तेव्हा जरा जवळ सरकून बसा.

मी नांदेडला एका कॉलेजात मराठी शिकवतो. पण भोकरपासून उदगीरपर्यंत लोक मला ओळखतात ते सिनेमामुळं. सिनेमा मी काढलेला नाही हो — मी सिनेमा बोलतो. म्हणजे असं : गोऱ्यांनी काळ्यांवर केलेल्या अन्यायाचे परदेशी सिनेमे गेली अठरा वर्षं मी गावोगाव दाखवतो आहे. त्यात खाली इंग्रजी अक्षरं पळतात. आमचे लोक ती वाचेपर्यंत गोळी लागून माणूस पडलेला असतो. म्हणून मी पडद्याच्या बाजूला माईक धरून उभा राहतो आणि सगळ्यांचं बोलणं जागच्या जागी मराठीत बोलतो. एकटा. गोरा फौजदार माझ्या आवाजात "ए, ऊठ तिथनं!" म्हणतो, आणि काळी म्हातारी माझ्याच आवाजात "न्हाई उठत, जा!" म्हणते. किनवटला वसतिगृहाच्या पटांगणात त्या "न्हाई उठत"वर पोरं अशी उसळली, की पडदा बांधलेली काठीच आडवी झाली. राहिलेला सिनेमा आम्ही भिंतीवर बघितला. भिंतीवर शाळेनं फळांची नावं रंगवली होती, त्यामुळं कोर्टातले जज्जसाहेब शेवटपर्यंत सीताफळावर बसून न्याय देत होते.

मजा येते. खोटं कशाला बोलू? — हे वाक्य आज मला जरा जपून वापरायला हवं.

सिनेमा संपला की चर्चा. माणसानं अन्याय सोसावा की उठावं? उठावं तर हात जोडून की मुठी आवळून? आणि चूक-बरोबर सांगायचा हक्क नक्की कोणाचा? लोक तावातावानं भांडतात. भांडण फार तापलं, की मी हात वर करतो, दोन क्षण गप्प राहतो — हे गप्प राहणंसुद्धा सरावाचं आहे — आणि माझी कपाची गोष्ट सांगतो.

ती गोष्ट तुम्हीही ऐका. मंचावर सांगतो तशीच.

भोकरजवळच्या आमच्या गावात आमचा मोठा वाडवडिलांचा जमीनजुमला. गोठ्याच्या भिंतीत एक देवळी होती आणि तिच्यात एक कप पालथा घातलेला असायचा. कान तुटलेला. बौद्ध वस्तीतलं कोणी कामाला आलं, की त्याला त्या कपात चहा. प्यायचा, आपणच विसळायचा, परत देवळीत पालथा घालायचा. आत स्वयंपाकघरात फळीवर चुलतीनं नांदेडहून आणलेला बारा कपांचा सेट — निळ्या फुलांचा, तिच्या जिवापेक्षा प्यारा. मी बारावीला होतो. माझा जिवलग मित्र चंद्रमणी बौद्ध घरातला. एका रविवारी तो मला सिनेमाला न्यायला घरी आला, आणि चुलतीनं त्याला देवळीतल्या कपात चहा दिला. तेव्हा मी — इथं मी आवाज खाली आणतो — तो कप उचलला, सरळ स्वयंपाकघरात गेलो, फळीवरचे दोन कप बाजूला सारले आणि त्या दोघांच्या मध्ये तो ठेवून दिला. म्हणालो, "काकू, इथं जागा होती." चुलतीचं तोंड उघडं ते उघडंच. आता कोणता कप कोणाला शिवला? बाराच्या बारा फेकावेत, तर सेटवर जीव! शेवटी आख्खं घर मुकाट त्याच कपांतून चहा प्यायला लागलं, आणि देवळी रिकामी झाली ती कायमची.

टाळ्या! म्हातारे डोळे पुसतात. संयोजक नारळ देताना माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवतात.

कळतंय ना, मी कशाभोवती फिरतो आहे? सांगतो. येतोच.

मागच्या वर्षी लातूरला एका कॉलेजच्या सभागृहात सकाळचा खेळ होता. सिनेमा असा : एक काळी शिवणकाम करणारी बाई गावातल्या, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या वाचनालयात पुढच्या दारानं शिरते आणि वाचायच्या टेबलाशी जाऊन बसते. उठत नाही. मग तुरुंग, खटला, आणि एक गोरा वकील शेवटी असं भाषण करतो की — काय सांगू! त्या भाषणासाठी मी घरून खडीसाखर खाऊन निघतो.

चर्चेत एक मुलगी उठली. वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला, नाव उत्पला. म्हणाली, "सर, बसली ती. मार खाल्ला तिनं, जेलात गेली ती. मग भाषण वकिलाचंच का? सिनेमात दोन तास झाले, बाईला तुम्ही सात-आठ वाक्यं दिलीत."

"मी नाही दिली, सिनेमात तेवढीच आहेत," मी म्हणालो. लोक हसले.

मागून एक आजोबा बोलले, "अगं बाई, वकील नसता तर ती सडली असती की तिथं!"

"आणि ती बसली नसती तर वकिलाला काम कुठनं भेटलं असतं, बाबा?" उत्पला फिरून म्हणाली. सभागृह असं हसलं, की आजोबांनी स्वतःच टाळी वाजवली.

पोरीनं मला कोपऱ्यात गाठलं होतं. मग मी काय केलं असेल? हात वर केला. दोन क्षण गप्प. आणि कपाची गोष्ट. त्या दिवशी ती इतकी रंगली, की "काकू, इथं जागा होती" म्हणताना मीच डोळे पुसले.

टाळ्या थांबल्या आणि उत्पलाच्या शेजारी बसलेला एक माणूस उठला. टक्कल, चष्मा, इस्त्रीचा सदरा. बोलण्याआधी त्यानं हनुवटीखाली दोन बोटं टेकवली. ती दोन बोटं मी पस्तीस वर्षांनी बघत होतो.

"सर," चंद्रमणी म्हणाला, "त्या कपाचं पुढं काय झालं?"

सर! मला 'येड्या'शिवाय दुसऱ्या नावानं कधी हाक न मारलेला माणूस.

आता ऐका. कप मी ठेवला नव्हता. त्यानं ठेवला होता. चहा पिऊन त्यानंच कप विसळला, स्वतःच्या रुमालानं कोरडा केला, ओसरी ओलांडून तो आत गेला, दोन कप त्यानं सारले, आणि "काकू, इथं जागा होती" हे त्याचं वाक्य — इतक्या साध्या आवाजात, की मला ते आजही जमत नाही. मग बाहेर येऊन चपला घालत मला म्हणाला, "चल येड्या, सिनेमाच्या पाट्या पडून राहिल्या असतील." आणि मी? मी म्हणालो, "तू हो पुढं." तो एकटाच सायकलवर गेला. परत आमच्या घरी तो कधी आला नाही. बारावीनंतर तो लातूरला शिकायला गेला, तिथंच सरकारी नोकरीत लागला, आणि मी कधी पत्ता विचारला नाही.

त्या संध्याकाळी वडलांनी विचारलं, "ह्यो काय परकार हाय?" मी म्हणालो, "आबा, त्याला म्हाईत न्हाई आपली रीत. चुकून ठेवला." आबा हसले. "येडं हाय व्हय ते," म्हणाले. झालं. आयुष्यात मी बघितलेलं सगळ्यात धाडसाचं काम मी एका वाक्यात चूक करून टाकलं. आणि पुढं अठरा-एकोणीस वर्षांनी तीच चूक माझं धाडस झाली — ते कसं, तेही सांगतो. पहिल्यांदा किनवटला मी "माझा एक मित्र होता" अशीच सुरुवात केली होती, शप्पथ! लोक ऐकत होते, पण चुळबुळत. महिन्याभरानं माहूरला, कसं कोण जाणे, तोंडातून "मी" निघालं. अख्खा मंडप स्तब्ध! एका अक्षरानं केवढा फरक पडतो, बघा. नंतर "मित्र" परत आलाच नाही. आला तो फक्त चहा प्यायला.

तर सभागृहात चंद्रमणी उभा. दीडशे माणसं माझ्याकडं बघत होती. खरं सांगायला याहून चांगली जागा मला कोण देणार होतं? माईक हातात, खडीसाखर घशात. नुसतं बोट दाखवायचं होतं — कप ठेवणारा हा उभा आहे.

मी म्हणालो, "त्या दिवसापासून देवळी रिकामी आहे, साहेब. चुलतीनं गोमूत्र शिंपडलं, आणि मग स्वतः पहिला घोट त्याच कपातून घेतला!" हा गोमूत्राचा चुटका मी तिथंच जोडला. लोक खो खो हसले.

चंद्रमणीही हसला. चष्मा काढून पुसला. "बरं झालं," म्हणाला. "लई दिवसांपासून इचारायचं होतं." आणि खाली बसला.

उत्पला मात्र हसत नव्हती. ती माझ्याकडं नाही, त्याच्याकडं बघत होती. दारात गर्दीत ते दोघं माझ्या पुढंच होते, तेव्हा मी ऐकलं — ती दबक्या आवाजात म्हणत होती, "पप्पा, तुम्ही तर मला सांगितलं होतं की तुम्ही..." तो तिचं वाक्य पुरं होऊ न देता म्हणाला, "चल बाई, बस हुकंल." मग त्याला मी दिसलो. माझ्या दंडावर थाप मारून म्हणाला, "लई रंगवतोस गड्या. आवाज तसाच हाय तुझा." एवढंच. लेकीसमोर स्वतः खोटा ठरून गेला, पण दीडशे माणसांत मला त्यानं खोटं पाडलं नाही.

मी त्यांना हाक मारली नाही. नारळ एकाच हातात होता — थांबवायला दुसरा रिकामा होता की.

त्यानंतर मी कपाची गोष्ट सांगितलेली नाही. लोक फर्माईश करतात. मी म्हणतो, घसा बसलाय. माझ्यासारख्या माणसाचा घसा बसलाय यावर विश्वास ठेवणारे लोक आहेत, त्यांचं मला हसू येतं.

एवढ्यावर थांबलो असतो, तर कबुली अर्धी राहिली असती. त्यानं विचारलं होतं ते वेगळंच. कपाचं पुढं काय झालं?

चुलतीनं पहिला घोट वगैरे काही घेतला नाही. गोमूत्र शिंपडलं, ते मात्र खरं. बारा कप तिनं आपल्या हातानं धुऊन परत मांडले. तेराव्याला हात लावायला ती तयार नव्हती. तिनं मला हाक मारली आणि एक जुनं फडकं पुढं केलं. मी विचारलं नाही, कशाला म्हणून. ज्याच्यातून माझा मित्र दुपारी चहा प्यायला होता तो कान तुटलेला कप मी फळीवरून उचलला, ओसरी ओलांडून गोठ्यात गेलो आणि देवळीत पालथा घातला. तिथं तो आणखी अकरा वर्षं होता.

उत्पला, तुझ्या पप्पांनी तुला खरं सांगितलं. कप फळीवर त्यांनीच ठेवला.

परत नेला तो मी. फडक्यात धरून.