लेकीच्या लग्नाचं स्टेज

कामशेतला दुसऱ्याची शिडी धरून शिकलो आणि पुढं लोणावळ्याच्या रिसॉर्टपासून तळेगावच्या कार्यालयांपर्यंत लग्नाची स्टेजं सजवली. कापड, बांबू, फुलं. एकासारखं दुसरं कधी केलं नाही. यंदा माझ्याच लेकीचं लग्न ठरलं आणि मला काही सुचेना. कागद घेऊन बसलो की मागच्याच कमानी उमटायच्या. दुसऱ्या कामांतही तेच; एका गिऱ्हाइकानं तसं तोंडावर म्हटलं, तर त्याच्या अंगावर नमुन्याचं कापड फेकलं.

डॉक्टर म्हणाले, डोकं थकलंय, महिनाभर काम बंद. मी म्हटलं, आठवड्यात बसवा. ते हसले नाहीत.

भाजे गावी बहिणीकडं जाऊन राहिलो. दुसऱ्याच सकाळी अंगणातून कारागिरांवर फोनवर ओरडत होतो, तर तिनं फोन हिसकावून घेतला. "दादा, इसावा घ्याया आलायस न्हवं? का आता माझ्या कोंबड्यांनाबी कामाला लावतोस?"

दुपारी लेकीचा फोन आला, तेव्हा बहिणीनंच तो आणून दिला.

"बाबा, स्टेज काकाला करू दे?"

माझं डोकं फिरलं. काका म्हणजे माझा धाकटा भाऊ. माझ्या हाताखाली तयार झाला आणि मला न सांगता मी करत असलेल्या रिसॉर्टचीच कामं घेऊन वेगळा झाला. तेव्हापासून आम्ही बोलत नाही.

"त्यापेक्षा रिकाम्या ओट्यावर लग्न लाव!"

"चालेल," ती म्हणाली. "पण तुम्ही माझ्याशेजारी पाहिजे. साखरपुड्यालासुद्धा एक माळ सुटली म्हणून मागं शिडीवरच होतात."

तरी सवयीनं सौदा केलाच. "कमान मी करतो, बाकीचं त्याला करू दे."

"कमान कशी करणार? सांगा."

डोळे मिटले. काहीच दिसलं नाही.

"सांग काकाला, सगळं तूच कर म्हणून," म्हणालो आणि फोन बहिणीच्या हातात दिला.

"राग गेला व्हय रं?" तिनं विचारलं.

"नाही."

अजूनही गेलेला नाही. लग्न जवळ आलंय. भाऊ काय करतोय ते मी विचारलेलं नाही. विचारावंसं वाटलं की उठतो आणि मळवलीच्या रस्त्यानं चालत सुटतो. डोकं रिकामंच आहे. त्यात पुन्हा काही येईल की नाही, ते डॉक्टरही सांगत नाहीत.