किल्ल्याच्या चौथ्या मजल्यावर

फॉर्म मीच भरला होता. कोहमाऱ्याच्या चौकात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम, पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सगळं एकाच टेबलावर चालतं. धाकट्या बहिणीला जपानमधल्या एका वृद्धाश्रमात नोकरी मिळत होती. 'आनुवंशिक आजार आहे का?' या रकान्यापाशी माझं बोट थांबलं. ती शेजारी स्टुलावर बसली होती.

"नाही लिही, दादा. गोळ्या चालू आहेत ना. दोन वर्षांत एकदा तरी दुखलं का मले?"

मी 'नाही' केलं.

आजार होता. सिकलसेल. आमच्या भागात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात आणि हाडं आतून फुटल्यासारखी दुखतात. थंडी, थकवा, पाणी कमी पडणं, एवढं कारण पुरतं. माझा मधला भाऊ त्यातच गेला, एकोणिसाव्या वर्षी, चिचगडहून देवरीला दवाखान्यात नेताना. जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यामुळे मला माहीत नव्हतं, असं मी कुणालाच म्हणू शकत नाही.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी बहिणीनं मला बोलावून घेतलं. तिकीट तिनंच काढलं. पौष होता, लग्नं नव्हती, स्टुडिओत माशा मारत बसलो होतो. मायनं जवसाची चटणी बांधून दिली. मी बहिणीच्या सहा महिन्यांच्या गोळ्या लेन्सच्या खोक्यात ठेवल्या.

तिथं पोचलो तेव्हा दिसलं, ती वाळली होती, पण आनंदात होती. दिवसभर म्हाताऱ्यांना उचलायचं, अंघोळ घालायची, भरवायचं. "लहान पोरांपेक्षा हे बरे," म्हणाली. "रडून राहिले तरी कशासाठी रडतात ते सांगतात."

सुट्टीच्या दिवशी तिनं मला किल्ला दाखवायला नेलं. तिच्या गावाहून रेल्वेनं तासभर. आमच्याकडे किल्ला म्हणजे आमच्याच जंगलातला प्रतापगड: झाडोऱ्यात हरवलेल्या भिंती आणि दगड. हा किल्ला मात्र उभाच्या उभा होता, चुन्यानं पांढराशुभ्र, छपरावर छप्पर चढवलेला, खाली पाण्यानं भरलेला खंदक. मी हरखून गेलो. नागझिऱ्याच्या जंगलात पर्यटकांबरोबर फोटो काढायला जातो, त्यामुळे उजेडाची वाट बघत बसायची मला सवय आहे. सूर्य अजून खाली होता. सर्वात वरच्या छपरावर ऊन आलं की पांढरी भिंत सोन्यासारखी होणार, हे दिसत होतं. पुढं खंदकाच्या काठी ती उभी राहिली की चित्र पुरं होणार होतं. फक्त तिचं काळं जाकीट डोळ्यांत खुपत होतं.

"जाकीट काढ," मी म्हणालो. "मायनं पाठवलेली लाल शाल घे."

तिनं काढलं. खंदकावरून वारा येत होता. काठच्या गवतावर दहिवर गोठलेलं होतं.

"दादा, थंडी वाजून राहिली."

"पाचच मिनिटं."

ती पाच मिनिटं चाळीस झाली. ती दोनदा जाकीट घ्यायला आली आणि दोन्ही वेळा मी तिला परत पाठवलं. ऊन आलं, मला हवा तसा फोटो मिळाला, तेव्हा तिचे ओठ निळसर पडले होते. पाण्याची बाटली माझ्या बॅगेत होती. ती मी तिला दिली नाही, तिनंही मागितली नाही.

आत बूट काढून पिशवीत घालून हातात धरावे लागतात. लाकडी जमीन बर्फासारखी. जिने इतके उभे की कठडे दोरखंडासारखे हातांनी ओढत चढायचं. मी पुढं, ती मागं. चौथ्या मजल्यावर एक जाडजूड खांब होता, अख्ख्या झाडाचा. मी तो खालपासून वर टिपत होतो. कॅमेऱ्यातूनच मला ती दिसली. खांबाच्या बुडाशी बसलेली, दोन्ही हातांनी नडग्या आवळलेल्या, आणि डोळे मिटलेले.

मी खाली बसलो. ती हळूच म्हणाली, "हाडं दुखून राहिले, दादा."

भाऊ हेच म्हणायचा. याच शब्दांत.

तिथला एक म्हातारा कर्मचारी धावत आला. गुडघे टेकून त्यानं तिला काहीतरी विचारलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काही आजार आहे का म्हणून विचारून राहिला. सांगू का?"

मला फॉर्म आठवला. तिची नोकरी, दर महिन्याला घरी येणारे पैसे, मायच्या डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं एका क्षणात समोर आलं.

"पाय मुरगळला म्हण," मी म्हणालो.

 तिनं त्या म्हाताऱ्याला तसंच सांगितलं. ॲम्ब्युलन्स नको, हेही सांगितलं. ती जिन्यावर बसून, एकेक पायरी सरकत चार मजले उतरली. मी खालच्या पायरीवर उलटा उभा राहून तिला धरत होतो. तो म्हातारा तिचे बूट दोन्ही हातांत घेऊन मागून येत होता. मध्येच हुंदका आला की ती थांबायची. लोक भिंतीला चिकटून वाट देत होते आणि मला बघून तिथल्या रीतीनं वाकत होते.

टॅक्सीनं खोलीवर आणलं. गोळी दिली, पाणी पाजलं, गरम पाण्याच्या बाटल्या पायांना लावल्या. बरं वाटेल, असं मी दर अर्ध्या तासानं म्हणत होतो. दुपारनंतर तिच्या छातीत दुखू लागलं. पाचच्या सुमाराला श्वास पुरेना. मला जपानी येत नाही. ॲम्ब्युलन्सचा नंबर तिनंच लावला, पत्ता तिनंच सांगितला आणि फोन बाजूला धरून पुन्हा विचारलं, "आता सांगू?"

"सांग," मी म्हणालो. सात तासांनी.

ती वाचली. नऊ दिवस ऑक्सिजनवर होती. सकाळीच आणलं असतं तर, असं काही डॉक्टर बोलले असतील, तर बहिणीनं त्याचा अर्थ मला सांगितला नाही. उजव्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला होता. त्या हाडात आता जीव उरला नाही, एवढं मात्र तिनं सांगितलं.

वृद्धाश्रमाच्या मुख्य बाई दवाखान्यात आल्या. तिचे धुतलेले कपडे आणि संत्री घेऊन. पलंगापाशी उभ्या राहून त्यांनी एक कागद उघडला. तो रकाना मी लांबूनच ओळखला. बाईंनी शांतपणे एक वाक्य विचारलं. बहिणीनं मान हलवली आणि आपल्या छातीला बोट लावलं.

बाई गेल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"हे कोणी लिहिलं म्हणे. मी म्हटलं, मीच."

दीड महिन्यानं आम्ही परत आलो. मायला आधी कळवलं नव्हतं. तिनं मुलीला कुबडी घेऊन उतरताना पाहिलं आणि माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "तू होतास ना संग?"

गेल्या महिन्यात आम्ही दोघं बसनं नागपूरला डॉक्टरकडे गेलो. खुबा बदलावा लागेल, पण वय बत्तीसच आहे, जितकं ढकलता येईल तितकं ढकला, असं त्यांनी सांगितलं. परतताना भंडारा मागं पडलं. ती खिडकीशी बसली होती, पाय समोर लांब केलेला. बाहेर बघतच म्हणाली,

"दादा, त्या दिवशी पाय मुरगळला म्हण, असं काऊन म्हणालास?"

"तुझी नोकरी जाईल म्हणून."

"नोकरी माझी होती ना," ती म्हणाली. "मी तर सांगणार होते."

साकोलीला बस थांबली. मी उतरून तिच्यासाठी पाण्याची बाटली आणली. तिनं घेतली, अर्धी प्यायली आणि उरलेली माझ्याकडे न बघता परत दिली.