आधी याला, मग मला

"आधी याला, मग मला." काका पाण्याचा पेला कधीच लगेच तोंडाला लावत नसत. टॉवरच्या पायथ्याशी सिमेंटचं एक लहानसं झाकण असतं. ते उचलून आतल्या खड्ड्यात कॅन रिकामा करायचा, आणि मगच स्वतः प्यायचं.

माळावरचा मोबाईल टॉवर तुम्हीही पाहिला असेल. ते झाकण मात्र आपण कोणी पाहत नाही. त्याखाली मीठ-कोळशात पुरलेली सळई असते. वीज पडली किंवा कुठे करंट उतरला, तर तो तिच्यातून जमिनीत जातो. पण माती ओली हवी. उन्हाळ्यात ती कोरडी पडली की सळई नावापुरती उरते. मी देवासच्या ऑफिसात बसून या टॉवरांची देखभाल पाहते आणि आमचे टेक्निशियन, सगळ्यांचे काका, धारहून जीप घेऊन फिरत. मागच्या सीटवर पाण्याचे कॅन आणि मिठाचं पोतं. काकू म्हणायच्या, "घरातलं मीठ संपलं की मी जीपमध्ये शोधते."

बाग गावात एकदा मी सोबत असताना एका दुकानदाराने चहा आणला. काका खड्ड्याशी वाकलेले. तो म्हणाला, "भिया, ठंडी हो जाएगी." काका म्हणाले, "होने दो. चाय ठंडी चलेगी, ये सूखा नहीं चलेगा." तो थंडगार चहा मग त्यांनी चवीने प्यायला. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

डही गावाकडच्या एका टॉवरवर मात्र ते हसत नसत. तिथे कुंपणाला लागूनच एका बाईचं घर आहे. एका उन्हाळ्यात कुंपणात करंट उतरला आणि त्याला बांधलेली तिची शेळी जागच्या जागी मेली. खड्डा ठणठणीत कोरडा निघाला. शेळीच्या जागी त्या बाईची पोरगी असती, हे काकांच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. तेव्हापासून उन्हाळाभर ते वाट वाकडी करून तिथे जात.

मग त्यांची किडनी गेली. डॉक्टरांनी पाणी तोडलं. दिवसाला एक छोटी बाटली, त्यातच औषधं. काका चूळ भरायचे आणि डोळे मिटून थुंकून टाकायचे. मी भेटायला गेले तेव्हा ओठ सोललेले होते. म्हणाले, "ताई, माझं राहू द्या. डहीच्या खड्ड्याचं काय?"

मी गेले. झाकण उचलायला वाकले तर त्यावर शेंदूर, वर एक नारळ. आतली माती चिखल झालेली. अर्थिंग मोजायच्या मीटरवर रीडिंग उत्तम. ती बाई कळशी घेऊन आली. "बाबूजी इतनी दूर से आके पानी चढ़ाते थे. देवता होगा, तभी ना? अब हम चढ़ाते हैं. वो नहीं आए?"

मी तिथूनच काकांना फोन लावला. शेंदूर ऐकून ते खोकेपर्यंत हसले. मग विचारलं, "नवी बकरी कुठे बांधते?"

"लांब. झाडाला."

"मग शेंदूर पुसू नका. देव समजून का होईना, पाजतील."

त्यानंतर थोड्याच दिवसांत धारहून फोन आला. मी पोचले तेव्हा श्वास तुटत होता. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. दाराशी वाळत घातलेला त्यांचा पंचा मी बघत राहिले.

कोणीतरी म्हणालं, "पाणी घाला तोंडात." काकूंनी गंगाजल मिसळलेला तांब्या उचलला आणि सरळ बाहेर गेल्या. अंगणाच्या कोपऱ्यात घरच्या वीजमीटरचा तसाच खड्डा होता. त्याला काका रोज सकाळी पाणी घालत. त्या दिवशी कोणाला सुचलं नव्हतं. आतून त्यांचे दीर ओरडले, "वहिनी, अहो, आधी इकडे!" काकूंनी झाकण सरकवलं, अर्धा तांब्या ओतला, झाकण नीट बसवलं आणि आत आल्या.

काकांच्या उशाशी बसून म्हणाल्या, "त्याला पाजलं. आता तुम्ही घ्या."

उरलेला अर्धा तांब्या त्या ओतत राहिल्या. पाणी ओठांवरून उशीवर, उशीवरून जमिनीवर आलं. किती, ते आता मोजायचं नव्हतं.