कान झाकणारा हेडफोन

जळक्या वायरीचा वास आला की कळस गावच्या घरातली ती दुपार आठवते. वडिलांचा टीव्ही फार मोठ्यानं चालायचा, म्हणून बारामतीच्या दुकानात मी कान गच्च झाकणारा वायरलेस हेडफोन निवडला. "ह्यो घातल्यावर विहिरीची मोटर ऐकू यील का?" त्यांनी विचारलं. "टीव्ही बघायचाय की मोटर ऐकायचीय?" मी खेकसलो. दुसऱ्याच दिवशी विहिरीचं पाणी तुटलं, घरामागची मोटर कोरडीच घरघरत राहिली आणि वडील हेडफोन लावून भजनात डोलत बसले. धूर पाहून आई भांडी टाकून ओल्या हातांनी स्टार्टरकडं धावली. "आई, हात लावू नको!" मी किंचाळलो. ती बोटभर अंतरावर थांबली. मी कोरड्या काठीनं लाल बटण दाबलं. वडील रागावले नाहीत. "तूच घाल ह्यो. मला मोटर ऐकू दे," म्हणत त्यांनी हेडफोन माझ्या हातात ठेवला. आजही मी गाणी लावतो, ती मोटर बंद झाल्यावरच.