बिनवासाचं पाणी

मी रोपं विकतो. बाब दिवान या जुन्या वेशीबाहेर, तटाच्या सावलीत तीस वर्षं माझा ठेला आहे. सगळ्या स्फाक्समध्ये फर्जानीइतका तोंडाळ माळी दुसरा नाही, असं माझी गिऱ्हाइकंच सांगत फिरतात. फिरू देत. कुणी मेलेला मोगरा घेऊन येतं आणि विचारतं, "काय झालं हो याला?" मी म्हणतो, "तुम्ही झालात." झाडाबद्दल खोटं बोलून माणसाला खूश करणं मला जन्मात जमलं नाही. फक्त एका बाईपुढे माझी जीभ अडखळते. आमच्या गल्लीतल्या लल्ला बेय्यांपुढे.

लल्ला बेय्या सत्तरीच्या; 'लल्ला' ही आमच्याकडे थोरल्या बाईंना मानाची हाक. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. एके काळी अख्ख्या गल्लीचं अतरशाचं पाणी त्यांच्या अंगणात निघायचं. वसंत आला की अतरशाची, म्हणजे जिरेनियमची, वासाची पानं तांब्याच्या कत्तारात उकळायची, वाफ गार करायची आणि थेंब थेंब बाटलीत धरायची. ते पाणी पडल्याशिवाय आमच्याकडे लग्नाची मिठाई होत नाही. पण हे दोन माणसांचं काम. एकानं जाळ सांभाळायचा, दुसऱ्यानं कत्तारच्या डोक्यावरचं तापलेलं पाणी काढून गार पाणी ओतत राहायचं. ते दुसरं माणूस म्हणजे त्यांचा एकुलता एक, वज्दी. सहा वर्षांपूर्वी तो जर्मनीला गेला आणि कत्तार माळ्यावर गेला.

जाताना त्यानं आईच्या हातात एक कुंडी दिली. घटपर्णी. पानाच्या टोकाला दोरी आणि दोरीला झाकणाचा छोटा घडा. त्यात माशी पडली की झाड ती पचवून टाकतं. आमच्या गल्लीनं त्याचं नाव 'माशाखाऊ' ठेवलं. वज्दीनं एवढंच सांगितलं होतं, "यम्मा, याला नळाचं पाणी घालू नकोस. पावसाचंच घाल." आमच्या नळाचं पाणी खारट, चहालासुद्धा चालत नाही. पण पावसाच्या पाण्याची आम्हाला काय कमी? प्रत्येक घराच्या अंगणाखाली माजल असतो. गच्चीवरचा पाऊस त्या टाक्यात उतरतो आणि वर्षभर आम्ही तोच पितो.

मागच्या वर्षी जुलैत, ऐन उन्हाळ्यात लल्ला बेय्या कुंडी पोटाशी धरून ठेल्यावर आल्या. पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. घड्यांच्या कडा तपकिरी, आणि एका घड्यातून असा वास, की मी दोन पावलं मागं सरलो. चिमट्यानं आत पाहिलं तर मर्गेज! आपलं मसालेदार सॉसेज, चांगला बोटभर तुकडा.

"हा कुणी घातला?"

"शेजारच्या सल्लूहानं," त्या ओशाळून म्हणाल्या. "म्हणाली, बिचारं उपाशी दिसतंय."

"सल्लूहाला सांगा, तिच्या नवऱ्याला वाढ म्हणावं. तो जास्त उपाशी दिसतो."

एरवी त्या खळखळून हसल्या असत्या. त्या दिवशी हसल्या नाहीत. मी मर्गेज काढलं, सडका घडा छाटला, ऊन जास्त लागतंय म्हणून कुंडी आत सरकवायला सांगितली. "आणि माजलचंच पाणी घाला, भरपूर घाला," असा वर शहाणपणाही शिकवला.

पंधरा दिवसांनी झाड आणखी खाली आलं. मी मुळं उकरून पाहिली. टोकं काळी पडली होती. म्हटलं, पाणी जास्त झालं, कमी करा. कमी केलं तरी तेच. शेवटी मी वैतागून म्हणालो, "लल्ला, झाड आहे ते, मरतं कधी कधी. दुसरं आणून देतो."

त्या ठेल्याजवळच्या स्टुलावर बसल्या. हात मांडीवर ठेवले. म्हणाल्या, "फर्जानी, दर रविवारी दुपारी त्याचा फोन येतो. कशी आहेस, बरी आहे. जेवलास का, जेवलो. झालं, दोन मिनिटांत बोलणं संपतं. मग तो म्हणतो, यम्मा, माशाखाऊ दाखव. की मी फोन फिरवते, तो घडे मोजतो, हे पान नवं का, तो घडा उघडला का, असं अर्धा तास चालतं. तीन रविवार मी सांगतेय, फोनचा कॅमेरा बिघडलाय. हे मेलं तर मला रविवारची दोनच मिनिटं उरतील रे."

हा पोरगा तिकडे दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आयांची सेवा करतो, त्यांना घास भरवतो, आणि त्याची आई इथं कुंडीकडे डोळे लावून बसते. राग कुणावर काढायचा? मी झारीवर काढला. लाथेनं उडवली.

ऑगस्ट संपत आला. आमच्याकडे पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो. त्याआधी गच्च्यांना चुना लावतात, म्हणजे माजलात पाणी स्वच्छ उतरतं. वज्दी गेल्यापासून लल्ला बेय्यांची गच्ची मीच रंगवतो. दर वर्षी टाकंही आतून चुन्यानं सारवून देतो, भरघोस, हात आखडता न घेता. त्या दिवशी गच्ची उरकून उतरलो आणि हात धुवायला अंगणात आलो, तर समोर कुंडी. मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरट खपली धरलेली. नखानं खरवडली. माझ्या नखात आधीच चुना होता. दोन्हीत काडीचा फरक नव्हता.

"लल्ला," मी म्हणालो, "तुमचं झाड मीच मारतोय."

"म्हणजे रे?"

"पाऊस चांगलाच आहे हो. पण तो माझ्या चुन्यावरून येतो, माझ्याच चुन्यात वर्षभर मुरतो. माणसाला तो मानवतो, याला मानवत नाही. वर्षानुवर्षं थोडा थोडा कुंडीत साचला, आता मुळं जळताहेत. आणि मी शहाणा सांगतोय, भरपूर घाला!"

त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगो बाई! पाच वर्षं गच्ची इतक्या मायेनं पांढरी केलीस, आणि ते असं भोवलं!" मग घाईनं विचारलं, "आता?"

"कोरं पाणी हवं. चुना नाही, मीठ नाही, काही नाही. उघड्यावर बादली ठेवून पाऊस थेट धरला असता, पण पावसाला अजून महिना दीड महिना आहे. तोवर बॅटरीत घालतात ते पाणी आणतो."

"बॅटरीचं? माझ्या वज्दीच्या झाडाला?" त्या उठल्याच. माळ्याकडे बघत राहिल्या. "वाफेचं चालेल का?"

कत्तार मी खाली उतरवला. पाच वर्षांची धूळ. कल्हई शाबूत होती. पण अतरशाचा वास इतका मुरलेला, की पहिल्या दोन खेपांचं पाणी आम्ही ओतून दिलं. त्या जाळापाशी बसल्या, मी वरचं पाणी बदलत राहिलो. सल्लूहा भिंतीवरून डोकावली. "ऐन ऑगस्टात अतरशा? आणि पानं कुठायत?"

"पानं नाहीत. नुसतं पाणीच गाळतोय," मी म्हणालो.

"दोघंही कामातून गेलात," ती म्हणाली, आणि संध्याकाळी आमच्यासाठी ताटभर अंडं भरलेले कुरकुरीत ब्रीक तळून घेऊन आली.

त्या पाण्यानं मी मुळं धुतली, जुनी माती टाकली, नवं शेवाळ भरलं, वाळलेले घडे कापले आणि झाडावर पारदर्शक पिशवी चढवली, ओलावा राहावा म्हणून. चौथ्या आठवड्यात झाडानं पानं वर उचलली. ऑक्टोबरमध्ये एका नव्या पानाच्या टोकाला तांदळाएवढा घडा फुगला. लल्ला बेय्या मला हाका मारत गल्लीभर आल्या, डोक्यावरून पांघरलेलं सफसारीचं पांढरं वस्त्र घसरलं त्याचंही भान नव्हतं.

त्या रविवारी कॅमेरा 'दुरुस्त' झाला. मीही तिथं होतो, कारण त्या दिवशीही पाणी काढणं चालू होतं.

"एकच घडा?" वज्दी म्हणाला. "यम्मा, बाकीचे कुठे गेले?" त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं, माझ्या चुन्यासकट. तो हसला. मग एकदम थांबला. "मागं काय आहे ते? कत्तार?"

"हो रे. नुसतं पाणी काढतोय."

"जरा जवळ ने फोन."

त्यांनी नेला. बाटलीत थेंब पडत होते. पडद्यावर पाहिलं तर गडी हातानं डोळे झाकून ऐकत होता. चांगला पाऊण तास ऐकत राहिला. ठेवताना म्हणाला, "वसंतात अतरशा माझ्याशिवाय काढू नकोस. मी येतो."

वसंत आला. अंगणातलं जिरेनियम कमरेएवढं वाढलं. कागद अडकलेत, यम्मा, पुढच्या वर्षी नक्की, असं तो म्हणाला. लल्ला बेय्यांनी एक पान तोडलं नाही, कुणाला तोडू दिलं नाही. सगळं उभ्या उभ्या वाळलं. गल्लीतल्या लग्नांना बाजारातून बाटल्या आल्या. बादलीत थेट पाऊस धरता आला असता, तरी कत्तार मात्र दर पंधरा दिवसांनी चढतो. त्या जाळ सांभाळतात, मी पाणी बदलतो, आणि बिनवासाचं पाणी कुंडीत जातं. आता नऊ घडे आहेत.

परवा पाणी गाळताना त्यांनी विचारलं, "फर्जानी, हे किती वर्षं जगतं रे?"

"पाणी नीट मिळालं तर?" मी म्हणालो. "तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त."

"इतकं नको," त्या म्हणाल्या आणि जाळ थोडा कमी केला. "तो येईपर्यंत हे झाड आणि मी जगलो, तरी पुष्कळ झालं."