मेडिकल बुक घेऊन शार्कच्या दारी

आमच्या घरात शार्क हा शब्द उच्चारायची मला बंदी आहे. बाकी कुणालाही नाही, फक्त मला.

सुरुवात झाली ती भोपाळच्या पिपलानी टाउनशिपमधल्या आमच्या क्वार्टरच्या फाटकापाशी. शेजारचे तिवारीजी कंपनीच्या खर्चानं, एलटीसीवर, कन्याकुमारीला जाऊन आले होते आणि रोज संध्याकाळी, मी स्कूटर स्टँडवर लावायच्या आत, मला तिथला सूर्यास्त सांगत होते. तोच सूर्य रोज आमच्या कारखान्यामागेही मावळतो, हे त्यांना पटवण्यात अर्थ नव्हता. तीन आठवडे मी सोसलं. मग माझं डोकं फिरलं.

"हम तो अंदमान जा रहे हैं," मी म्हणालो. "समुंदर के अंदर. शार्क के साथ."

तिवारीजींच्या हातातली पाण्याची नळी गुलाबावरून त्यांच्याच पायजम्यावर वळली. "शार्क के साथ क्या, भाईसाहब?"

"तैरेंगे!"

(मला पोहता येत नाही. भोपाळच्या मोठ्या तलावात मी पायडल बोटसुद्धा काठाकाठानं चालवतो.)

दुसऱ्या दिवशी मी कारखान्याच्या गेटवर पोचलो, तेव्हा बातमी माझ्याआधी पोचून कँटीनमध्ये चहा पिऊन बसली होती. प्लॅनिंग सेक्शननं मला हार घातला. हाराचंही मी समजू शकलो असतो, पण मराठी मंडळाच्या कुलकर्ण्यांनी मला न विचारता बोर्डावर नोटीस लावली: 'शार्कच्या सहवासात – एक थरारक अनुभवकथन.' खाली माझं नाव, तारीख, आणि 'अल्पोपहाराची सोय आहे'. संपलंच! आमच्या मंडळात एक वेळ वक्ता बदलतो, अल्पोपहार रद्द होत नाही. आता शार्कला भेटल्याशिवाय पिपलानीत तोंड दाखवायची सोय उरली नाही.

मी सरावाला लागलो. बादलीत डोकं घालून श्वास रोखायचा. तिसऱ्या दिवशी माझी बायको मंगला बाथरूमचं दार बडवायला लागली.

"अहो! आतमध्ये काय चाललंय?"

"बुडबुड," मी म्हणालो.

तिनं तिवारीजींना हाक मारून दाराची कडी तोडून घेतली. त्या वेळी माझ्या अंगावर काय होतं ते सांगत नाही. कारण फार काही नव्हतंच.

अशा तयारीनं आम्ही तिघं, मी, मंगला आणि कॉलेजात जाणारी आमची गौरी, अंदमानात उतरलो. किनाऱ्यावरच्या एका झोपडीत जोसेफ नावाचा इन्स्ट्रक्टर होता. त्यानं सांगितलं, पोहता आलं नाही तरी चालतं, तो स्वतः धरून खाली नेतो. किनाऱ्यापासून तासाभरावर समुद्रात प्रवाळाचा मोठा कट्टा आहे, तिथे शार्क हमखास दिसतात. "शरीफ हैं सब," तो म्हणाला. "बस, पहले ये फॉर्म भर दीजिए."

फॉर्ममध्ये आजारांची यादी होती. चक्कर? नाही. छातीत दुखणं? नाही. दमा? नाही. कानाचा त्रास? नाही. फिट येणं? नाही, नाही, नाही! मी धडाधड खुणा करत गेलो. इतका निरोगी माणूस जोसेफनं पाहिला नसावा. तो उठून माझ्या मापाचा रबरी सूट शोधायला लागला.

तेवढ्यात मंगलानं चष्मा लावला आणि फॉर्म वाचला.

"अहो, खोटं काय लिहिताय? जिवाशी खेळ आहे हा!" असं म्हणून तिनं पर्समधून आमचं मेडिकल बुक काढलं.

मेडिकल बुक म्हणजे टाउनशिपमधल्या प्रत्येक कुटुंबाला कारखान्याच्या हॉस्पिटलातून मिळणारं पिवळं पुस्तक. कुणाला काय झालं ते डॉक्टर त्यात लिहितात, आणि त्याशिवाय साधी खोकल्याची बाटली मिळत नाही. त्यामुळे लोक घराची किल्ली विसरतात, पण हे पुस्तक विसरत नाहीत. मंगला तर ते लग्नाकार्यालाही नेते. त्याचा दुसरा उपयोग असा, की डॉक्टरांपुढे नीट कण्हलं की त्यात 'दोन दिवस रेस्ट' असं लिहून मिळतं. हा दुसरा उपयोग फक्त मला ठाऊक होता. मंगलाला नव्हता!

जोसेफ पुस्तक उघडून मोठ्यानं वाचायला लागला. "सीने में दर्द. दो दिन रेस्ट."

"हो ना," मंगला हळवी होऊन म्हणाली. "किती कळवळत होते! टीव्हीसमोर गादी घालून दिली, तेव्हा कुठे जरा मन रमलं."

गौरीची मान वर झाली. "आई, एक मिनिट. ही डेट... उस दिन तो फायनल था ना?"

"चक्कर. पाँच दिन रेस्ट," जोसेफ म्हणाला.

"पाँच दिन? बाबा! टेस्ट मॅच!"

"साँस की तकलीफ, दिवाली से पहले."

"तेव्हा घराला चुना लावायचा होता," मंगला सावकाश म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मी एकटीनं लावला. शिडीवर चढून."

"कान में दर्द."

"माझा भाऊ येणार होता. त्याला स्टेशनवर आणायला जायचं होतं."

मला अजून वाटत होतं, की निभावेल. आजारी राहिलो तर घरात इज्जत राहते पण शार्क जातो, आणि शार्क धरला तर घरातली इज्जत जाते. डोळ्यांपुढे ती नोटीस आली, अल्पोपहारासकट. मी शार्क धरला.

"जोसेफ, मुझे कुछ नहीं हुआ था!" मी ओरडलो. "कभी भी नहीं! सब झूठ था! मैं घोड़े जैसा तंदुरुस्त हूँ!"

जोसेफनं शांतपणे पुस्तक मिटलं. "सर, आप तो बोलेंगे ही. लिखा डॉक्टर ने है. जब तक डॉक्टर नहीं लिखेगा कि आप ठीक हैं, मैं नहीं ले जाऊँगा."

म्हणजे शार्कही गेला आणि इज्जतही गेली! एका मिनिटात, दोन्ही!

मी मंगलाकडे पाहिलं. ती ओरडेल, असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही, आणि मला खरा धक्का तिथे बसला.

"तुमच्या छातीसाठी मी आंबा सोडलाय," ती म्हणाली. "देवापुढे उभी राहून. पाच वर्षं झाली."

मला हे माहीतच नव्हतं! दर उन्हाळ्यात ती आम्हाला रस वाढायची आणि स्वतः कोशिंबीर घ्यायची. मला वाटायचं, तिला कोशिंबीर आवडते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मंगलानं फॉर्म ओढून घेतला. तिच्या नावावर पुस्तकात एकच नोंद होती: गौरीच्या वेळचं बाळंतपण.

"मैं जाऊँगी," ती जोसेफला म्हणाली.

"अगं, तू?" मी किंचाळलो. "तू पालीला घाबरतेस!"

"पाल घरात असते. घरातल्यांचीच भीती बाळगावी लागते, हे आत्ता कळलं." ती उठली. "आणि मी महेश्वरची आहे. नर्मदेत पोहत मोठी झाले. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

तासाभरानं मी आणि गौरी होडीत बसलो होतो आणि मंगला, पाठीवर टाकी आणि अंगावर काळं रबर चढवून, मागच्या मागे समुद्रात पडली. माझ्याकडे न बघता. पाणी इतकं नितळ होतं, की ती खाली खाली जाताना दिसत राहिली. मग दिसेनाशी झाली. नुसते बुडबुडे वर येत होते.

मग होडीखालून एक लांब, करडी सावली गेली. तिच्या मागून दुसरी!

"मंगला!" मी पाण्याला तोंड लावून ओरडलो. "मंगला, वर ये! मी चुना लावतो! दर दिवाळीला लावतो!"

"बाबा, चिल्लाओ मत, त्या शार्कना टेन्शन येईल," गौरी म्हणाली. पण तिनंही माझा हात घट्ट धरला होता.

मी घाबरलो होतो. तिवारीजी, नोटीस, मंडळ, काही आठवेना. एवढंच वाटत होतं, की ही माझ्याशी न बोलता खाली गेलीये आणि मी माफीसुद्धा मागितलेली नाही. पाऊण तास मी बुडबुडे मोजले.

शेवटी डोकं वर आलं. मंगला हसत होती! मी तिला जवळजवळ उचलूनच होडीत घेतलं. (खरं तर जोसेफनं उचललं. मी तिच्या पायातली फ्लिपर धरली होती.)

"मंगला, मी चुकलो. साफ चुकलो. शार्क आले होते का गं?"

"दोन आले होते," ती केसांतलं पाणी निथळत म्हणाली. "चांगले होते बिचारे. जे होते तेच दाखवत होते."

भोपाळला परतल्यावर ठरल्या तारखेला कार्यक्रम झाला. कुलकर्ण्यांनी नोटिशीवर माझ्या नावावर चिठ्ठी चिकटवून मंगलाचं नाव लिहिलं. ती तासभर बोलली, आणि दोन्ही शार्कांसोबतचा तिचा फोटो पडद्यावर आला तेव्हा टाळ्या थांबेनात. तिवारीजी माझ्या कानाशी लागले. "भाईसाहब, इसमें आप कहाँ हैं?" मी छताकडे बोट दाखवलं. "ऊपर. नाव में." तेव्हापासून मी अख्ख्या पिपलानीत 'शार्कवाली भाभी के हस्बैंड' आहे.

मंगलानं मला माफ केलं, असं ती म्हणते. पण त्या पावसाळ्यात मला खराखुरा ताप भरला. मंगलानं थर्मामीटर माझ्या तोंडात ठेवला, वाचला, धुतला, झटकला आणि गौरीच्या तोंडात ठेवला.

"हिला नॉर्मल दाखवतोय," ती म्हणाली. "म्हणजे यंत्र बरोबर आहे. आता आ करा."

दुसऱ्यांदाही एकशे दोनच निघाला. आयुष्यात पहिल्यांदा माझा आजार खरा ठरला, याचा मला इतका आनंद झाला, की मी पांघरूण भिरकावून पलंगावर उभा राहिलो आणि टाळ्या पिटल्या.

तेवढ्यानं दोघींना पुन्हा संशय आला.